समासातलं वाक्य

"धाकट्यानं दार लावून घेतलं, पूर्णविराम," बाईंनी वाचलं आणि मास्तरांनी पेन्सिल पुढच्या ओळीवर सरकवली.

छापखान्यातली ही जोडी अकरा वर्षांची. बाई मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचणार, मास्तर मुद्रितं तपासणार. सुटलेलं समासात लिहायचं, बस्स. हवापाण्याच्या गप्पासुद्धा नाहीत. आज ही जुनी, नावाजलेली कादंबरी संपणार होती. उद्यापासून हे काम संगणक करणार, म्हणजे बाई येणार नव्हत्या. मास्तरांचं सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. दोनदा चष्मा पुसला, तीनदा खिडकी उघडली, लावली. बाईंशी बोलायचं होतं, पण जीभ रेटेना.

कादंबरीतली माणसंही अशीच. एक घर, पाच खोल्या, पाच बंद दारं. थोरली सून सगळ्यांची ताटं वाढी आणि शेवटी एकटी जेवे. मास्तरांना तिचा रागच येई. अगं बाई, तोंडाला काय कुलूप लावलंयस?

"थोरली उंबऱ्यात थांबली, पूर्णविराम," बाई वाचत होत्या. "इतकी वर्षं समोर बसता, स्वल्पविराम, पण घरी माझी वाट कोण पाहतं हे कधी विचारलं नाहीत, पूर्णविराम. तिनं दिवा मालवला, पूर्णविराम."

मधलं वाक्य मुद्रितात नव्हतं. जुळणी करणाऱ्यानं अख्खं वाक्य खाल्लं म्हणून कुरकुरत मास्तरांनी ते समासात लिहिलं. बोलली बया एकदाची, असंही त्यांना वाटलं.

शेवटचं पान झालं. बाईंनी मूळ प्रत टेबलावर ठेवली, पिशवी उचलली, येते म्हणाल्या आणि गेल्या.

एवढी मोठी गळती मूळ प्रतीशी ताडून पाहायची मास्तरांची पद्धत. त्यांनी पान काढलं. थोरलीनं काही न बोलताच दिवा मालवला होता. आणि ती तर घरातच राहत होती, तिची घरी वाट कोण पाहणार? मास्तरांचे कान तापले. गाढव आहोत आपण, शुद्ध गाढव. चपला टेबलाखालीच राहिल्या आणि ते जिना उतरत सुटले.

बाई फाटकाशी पोचल्या होत्या.

"ते वाक्य पुस्तकात नाही," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"मग खोडा," बाई खाली बघत म्हणाल्या.

"खोडतो. पण कोण पाहतं वाट?"

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कोणी नाही. तुमची?"

"माझीही कोणी नाही." मग बाईंनी फाटक उघडलं, आणि मास्तर तसेच अनवाणी त्यांच्याबरोबर चालू लागले.