एक पाय खाली

आमच्या सायकलीला दोन घंट्या आहेत. एक हँडलवर, सगळ्यांच्या असते तशी. दुसरी पुढे पेटीच्या आत, बसणाऱ्याच्या हाताशी. ती माझ्या नवऱ्याने बसवली. तो सुतार आहे. त्याला दोन शब्द बोल म्हटलं की तो उठून काहीतरी ठोकायला घेतो.

सायकल म्हणजे लांबलचक प्रकरण आहे. हँडलच्या पुढे लाकडी पेटी, पेटीत छोटासा बाक, आणि पेटीच्याही पुढे, पार लांब, एक बारकं चाक. या पेटीतून आम्ही काय नाही नेलं? मुलगी, तिचं दप्तर, पिठाची पोती, गुंडाळलेली गादी, शेजारणीचं चिडलेलं मांजर. एकदा तर कपाटाचं दार, आणि त्या दारावर राणीसारखी बसलेली मुलगी. लोक विचारतात, मोटार का घेत नाही? मी म्हणते, मोटारीत माझी मुलगी बोलत नाही.

खरंच सांगते. घरी समोर बसवून विचारलं, "शाळेत काय झालं?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही." पण पेटीत बसली, तिची पाठ माझ्याकडे झाली, चार झाडं मागे पडली, की आतून घंटी वाजते. एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे मला सांगायचंय, तू नुसती चालव. मग कोणी ढकललं, कोणाचा डबा सांडला, मेल्यावर माणसं कुठे जातात, सगळं एकापाठोपाठ येतं. मी पायडल मारत ऐकते. माझं तोंड तिला दिसत नाही आणि तिचं मला.

सासरे आमच्याकडे आले तेव्हा सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. ते पोस्टमन होते, चाळीस वर्षं सायकलवर. बाई गेल्यावर ते घरात एकटे उरले. शेजाऱ्यांचा फोन आला, की दार दिवसभर सताड उघडं असतं आणि हे आत न जेवता बसलेले असतात. नवरा जाऊन घेऊन आला. तीन महिने झाले, तरी त्यांनी बॅग काही रिकामी केली नव्हती. कपाटाचा एक खण मी मोकळा करून दिला होता. तरी सदरा धुतला, वाळला, की घडी करून परत बॅगेतच.

नातीशी मात्र त्यांचं मेतकूट जमलं. ती विचारायची, "आजोबा, तुम्ही दिवसातून किती वेळा सायकलवरून उतरायचात?"

"उतरायचंच नाही. दाराशी एक पाय खाली टेकवायचा, पत्र द्यायचं, पुढे निघायचं. स्टँड लावायचा तो फक्त आपल्या घरी."

सासरे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझी जीभ घसरली होती. वाटेत तीनदा चेन पडली होती, हात काळे, डोकं तापलेलं. घरात शिरता शिरता मी नवऱ्यावर ओरडले, "सगळ्यांची ओझी मीच ओढायची का?" वळून पाहते तर सासरे दारात उभे. माझी जीभ अशीच आहे. आधी ती चालते, मग मला कळवते.

त्या दिवसापासून ते पेटीत बसले नाहीत. दवाखाना अर्ध्या तासावर, तरी म्हणायचे, "मी चालतो. सवय आहे." मी शेजारून सायकल ढकलत जायचे, पेटी रिकामी. रोज ठरवायचे की आज बोलायचं. पण ते समोर आले की मी विचारायचे, "चहा टाकू?"

मग एका गुरुवारी ते परतीचं तिकीट काढून आले. रविवारचं. नवऱ्याने काय केलं? आधीच गुळगुळीत असलेल्या फळीवर तासभर रंधा मारला. बापाला बोलता येत नाही, लेकाला विचारता येत नाही, आणि मला ज्या दिवशी गप्प बसायचं त्याच दिवशी वाचा फुटते.

शनिवारी दुपारी मी बाजारात गेले. तेही आले, चालत. बटाटे, कांदे, साबण पेटीत टाकले आणि फुटपाथच्या कडेवर माझा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म फुगला.

त्यांनी पायाकडे पाहिलं, मग सायकलीकडे.

"बस आत."

"बाबा, ही वेगळी असते. तुम्हाला नाही जमणार."

"चाळीस वर्षं काय मी घोडा चालवत होतो?"

मी बटाट्यांशेजारी बसले. बटाटे आठ किलो होते, माझं विचारू नका. पहिल्या दहा हातांतच आम्ही फळवालीच्या टोपलीला धडकता धडकता वाचलो. मला कळलं त्यांचं काय चुकतंय. आयुष्यभर चाक हाताखाली पाहिलेला माणूस. ते सवयीने चाक शोधत होते, पेटीच्या बाजूने वाकून वाकून, आणि ते वाकले की सायकलही वाकत होती.

"चाकाकडे बघू नका, बाबा! लांब बघा. ते वळणावरचं झाड बघा."

त्यांनी बघितलं असावं. सायकल सरळ झाली.

इतक्या वर्षांत मी या पेटीत एकदाही बसले नव्हते. मुलगी रोज हे बघते, असं वाटलं. रस्ता तळहाताएवढा जवळ. दारांच्या कड्या नजरेसमोरून सरकतात, टपालाच्या पेट्यांची तोंडं, बाकाखाली झोपलेलं कुत्रं, खिडकीच्या खालचा उडालेला रंग. झाडाची सावली मांडीवर येते, थोडी थांबते, जाते. आपल्याला काही करायचं नसतं. कोणीतरी मागे आहे आणि ते नेतंय. माझे डोळे मिटायला लागले.

आणि प्रत्येक दाराशी सायकल जराशी मंदावत होती. ते मुद्दाम करत नव्हते, पायच करत होते. दार आलं की हळू, दार गेलं की पुढे.

हात घंटीवर कधी गेला मला कळलंच नाही. मी दोनदा वाजवली.

"हं," मागून आवाज आला. म्हणजे त्यांना नियम माहीत होता.

"बाबा, त्या दिवशी मी ओझं म्हणाले. ते तुम्हाला नव्हतं. कोणालाच नव्हतं, चेन पडली होती." पुढचं झाड बघत मी बोलत राहिले. "उद्या जाऊ नका. तुम्हाला एकटं वाटेल म्हणून नाही म्हणत. मला तुम्ही घरात हवे आहात. सकाळी तुमचं खोकणं ऐकू आलं की मला बरं वाटतं. तुम्ही गेलात तर हा नुसता रंधा मारत बसेल."

मागे चेन करकरत राहिली. मी रडत होते आणि मागून ते दिसत नव्हतं, तेवढीच सोय.

दोन-तीन दारं गेल्यावर ते म्हणाले, "तुझी सासू मागे कॅरिअरवर बसायची. अशीच बोलायची, माझ्या पाठीशी. मी काही बोलायचो नाही. तिला वाटायचं, वाऱ्यात मला ऐकू येत नाही."

"यायचं?"

"सगळं."

आमची गल्ली आली. दारात नवरा आणि मुलगी उभी होती. सायकल मंदावली, थांबली, आणि त्यांनी एक पाय खाली टेकवला.

मी मान वळवून त्या पायाकडे बघत राहिले. ते तसेच बसले होते, दुसरा पाय पायडलवर. नवऱ्याच्या हातात रंधा होता.

मग त्यांनी दुसराही पाय खाली घेतला. उतरले. स्टँडवर पाय रोवला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि मला, बटाट्यांना, सगळ्यालाच मागे ओढलं. खट् असा आवाज झाला आणि सायकल उभी राहिली.

"आजोबा," मुलगी ओरडली, "तुम्ही स्टँड लावलात!"

"मग?" ते म्हणाले. "बटाटे काय चालत आत जाणार?"