आडवी आठ, उभी दहा

चादरीचं रिकामं खोकं टेबलावर उभं करून अंबादासने त्याच्या आड आपला नकाशा पसरला. खोक्याच्या पलीकडे तिघं बसले होते. उजवीकडे जोतीराम, मूळचा सांगोल्याचा, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला आणि आता कॉलेजच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागलेला. मधे कासीम, ज्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी ही बैठक जमायची. आणि खिडकीपाशी कासीमची धाकटी बहीण साबेरा, जी शाळेत भूगोल शिकवायची.

खेळ जोतीरामने आणला होता. अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका वर्गमित्राने त्याला सत्त्याहत्तर साली तीन पातळ इंग्रजी पुस्तिका पाठवल्या होत्या. त्या खेळात ना पट होता, ना सोंगट्या. एकाने मनात एक जागा रचायची, तिचा नकाशा काढून लपवून ठेवायचा. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि त्या जागेत शिरायचं. ‘मी दार ढकलतो’ असं म्हणायचं, मग दारामागे काय आहे ते नकाशावाल्याने सांगायचं. नशिबाचा प्रश्न आला की फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा इथे मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून कासीमने तो बाभळीच्या लाकडातून कोरून काढला, आणि जोतीरामने चारशे वेळा टाकून, कुठला आकडा किती वेळा पडतो ते वहीत मांडून, मगच पास केला. नकाशावाल्याला ते किल्लेदार म्हणत. गेलं दीड वर्ष किल्लेदार जोतीरामच होता.

आणि अंबादासला किल्लेदार व्हायचं होतं.

तो चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचा. मोर असो, वेल असो, चादरीवर येणारं प्रत्येक चित्र आधी बारीक चौकटींच्या कागदावर उतरतं. एक घर म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पडतात आणि पुठ्ठ्यांवरून माग चालतो. ग्राफवर एक घर चुकलं तर ते हजार चादरींवर चुकतं. सहा वर्षांत अंबादासचं एकही घर चुकलं नव्हतं. पण चादरीवर लेबल कारखान्याचं लागतं. मोर कुणी काढला हे कोणी विचारत नाही. आणि मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गचकलेला म्हणून या खोलीतही तो इतके दिवस फक्त ‘नकाशे छान काढणारा’ होता.

दिवाळीत त्याने विचारलं होतं, “एक रविवार मला देता काय? किल्ला मी बांधतो.”

“पुस्तकं इंग्रजीत हायत की,” जोतीराम म्हणाला होता. “नियम कळणार कसं तुला?”

“नियम तू सांग. मी किल्ला सांगतो.”

जोतीरामने बराच विचार केला होता. तो कुणालाही उगाच नाही म्हणायचा नाही आणि उगाच होही म्हणायचा नाही. “एक अट हाय. तुझं भूत काय बी करू दे. भिंतीतनं जाऊ दे, उलटं चालू दे. पण भिंत नियमानं उभी पायजे. मापं जुळली न्हाईत तर किल्ला खोटा. तितंच खेळ बंद, आन परत मागायचं न्हाय.”

अट कडक होती, पण ती जोतीरामने स्वतःलाही लावली होती. पहिला किल्ला काढण्याआधी तो तळ्याकाठच्या भुईकोटाभोवती दोन दिवस पावलं मोजत फिरला होता. म्हणून अंबादासने ती मान्य केली आणि पुढचे तीन महिने रोज कामावरून आल्यावर किल्ला बांधला.

आज जोतीरामकडचे कॉलेजचे ग्राफपेपर संपले होते. अंबादासने कारखान्यातल्या मास्तरांना विचारून कडा फाटलेले चार डिझाइनचे कागद आणले होते, दोन स्वतःला, दोन खेळणाऱ्यांना. “एक लहान घर म्हणजे एक पाऊल,” त्याने सांगितलं. जोतीरामने कागदावर पट्टी ठेवली, जाड रेघांच्या मोठ्या घरातली लहान घरं एकदा मोजली, मान हलवली आणि पेन्सिलीला टोक काढलं. नकाशा नेहमी तोच काढायचा. नकाशावर आकडे लिहिलेले त्याला खपत नसत. रेघ बरोबर असली की आकडा लागत नाही, असं तो प्रयोगशाळेतल्या पोरांनाही सांगायचा.

“किल्ला पडका नाही,” अंबादासने सुरुवात केली. “अजून धड आहे, हीच त्याची भीती. समोरची भिंत पूर्व-पश्चिम साठ पावलं. बाहेर पाण्याचा खंदक. आत शिरलात की एक लांब ओसरी, आणि ओसरीला लागून ओळीने खोल्या.”

“माझा मानसिंग तलवार काढतो,” कासीम म्हणाला.

“अजून कोणी दिसलं नाही, भाई.”

“त्याला सवय आहे. उठल्यावरबी काढतो.”

साबेरा सोजरबाई नावाची चोर झाली होती. कुलपाची आणि भिंतीची नाडी तिला कळायची. जोतीराम होता बिरप्पा मांत्रिक. तिघं पश्चिमेच्या टोकाच्या पहिल्या खोलीत शिरले. नऊ पावलं रुंद, भिंत धरून, अंबादासने सांगितलं. जोतीरामने नऊ घरं मोजून चौकोन काढला. दुसरी आठ. तिसरी सात. कुठे तलवारींच्या गंजलेल्या परजा, कुठे अजून कोमट असलेली चूल. जोतीराम एकेक चौकोन आधीच्या चौकोनाला चिकटवून काढत गेला.

चौथ्या खोलीत अंबादासने आवाज खाली आणला. “पूर्वेच्या भिंतीआड कोणीतरी चालतंय. चालता चालता मोजतंय. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. थांबतं. वळतं. पुन्हा एकपासून.”

कासीमने हातातली भाकरी खाली ठेवली.

“मी भिंतीला कान लावते,” साबेरा म्हणाली आणि फासा टाकला. अठरा पडले.

“माणसाचाच आवाज आहे. म्हातारा. दमलेला, पण आकडा चुकत नाही.”

पाचव्या खोलीत तेच मोजणं पश्चिमेच्या भिंतीआडून ऐकू आलं. सहावीत ऐकू आलं नाही. सातव्या खोलीत अंबादास म्हणाला, “ही सात पावलांची, शेवटची. पूर्वेची भिंत ही किल्ल्याचीच भिंत. तिच्यात जंगी आहे, बंदूक रोखायची फट. खाली डोकावलं की खंदकातलं पाणी दिसतं.”

जोतीरामची पेन्सिल थांबली. त्याने पट्टी लावली. पुन्हा लावली.

“अंबादास,” तो म्हणाला, “तुझा किल्ला जुळत न्हाय.”

त्याने पट्टी समोरच्या भिंतीच्या रेघेवर टेकवली.

“समोरची भिंत तू साठ सांगितलीस, मी साठ काढली. आतल्या खोल्या तू सांगितल्या तशा काढल्या. सातवी खोली भिंतीच्या भाईर जातीय. एक पाऊल आत आन सहा पावलं खंदकात.”

कासीमने वाकून पाहिलं. “जोत्या, तैरना आता क्या तेरे मांत्रिककू?”

“चेष्टा नको. अट हाय ती अट हाय.” जोतीरामचा आवाज चढला नव्हता, उलट त्याला वाईट वाटत होतं, आणि तेच अंबादासला जास्त लागलं. “आतलं माप भाईरच्यापेक्षा मोठं. असं घर असतंय व्हय?”

अंबादासने खोक्याआड मान घातली. बोटाने एकेक घर मोजलं. साठ. पुन्हा मोजलं. साठच. खोल्यांची बेरीज चोपन्न. त्याच्या किल्ल्यात सहा पावलं जास्त नव्हती, कमी होती, आणि ती त्याने मुद्दाम कमी ठेवली होती. चौथ्या आणि पाचव्या खोलीच्या मधे, सगळ्या बाजूंनी चिणलेली, दार नसलेली सहा पावलांची खोली. तीन महिने तो त्या सहा पावलांसाठी जागला होता.

आता काय करायचं? ‘खोल्यांची बेरीज करा’ एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण मग गुपित किल्लेदारानेच फोडलं असं झालं असतं. स्वतःचा नकाशा दाखवला तरी तेच. आणि गप्प बसलं तर किल्ला खोटा. क्षणभर त्याला वाटलं, चुकलोही असेन. मॅट्रिकला इंग्रजीचा पेपर देऊन बाहेर पडला तेव्हाही आपलं बरोबर आहे असंच वाटलं होतं.

मग त्याने स्वतःचीच मान हलवली. इंग्रजी वेगळं. घरं मोजण्यात तो चुकत नव्हता.

“तुमचा कागद बघू काय?” तो म्हणाला.

“किल्लेदारानं खेळणाऱ्याचा नकाशा बघायचा न्हाय.”

“खेळ तू थांबवलास. आता मी किल्लेदार नाही. डिझाइनवाला आहे.”

साबेराला हसू आलं. “बरोबर बोलतात अंबादासभाऊ. बघू द्या.”

जोतीरामने कागद फिरवला. अंबादासने खोल्यांकडे पाहिलंच नाही. त्याने समोरच्या भिंतीची रेघ पाहिली, जाड रेघेपासून जाड रेघेपर्यंत, नेमकी सहा मोठी घरं. आणि त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

“साठ कशी मोजलीस?”

“साठ लहान घरं कोण मोजत बसतंय? मोठ्या घरात दहा. सहा मोठी घरं.”

“दहा आहेत?”

“मी सुरुवातीलाच मोजलीत की. तुझ्या देखत.”

“उभी मोजलीस,” अंबादास म्हणाला. “आता आडवी मोज.”

जोतीरामने पेन्सिलीचं टोक टेकवलं. ओठ हलत गेले. आठवर थांबले. त्याने शेजारचं मोठं घर मोजलं. आठ. तिसरं मोजलं. कागद डोळ्यांजवळ नेला, आणि त्या फिक्या हिरव्या चौकटी चौरस नव्हत्याच, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक घर उंचीला कमी आणि रुंदीला जरा जास्त होतं.

“चादरीत उभे आणि आडवे धागे एका इंचात सारखे बसत नाहीत,” अंबादास म्हणाला. “म्हणून कागद तसा असतो. आडवी आठ, उभी दहा. मी सांगायला हवं होतं. पण आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे डोक्यातच आलं नाही.”

“म्हणजे मी साठ म्हणून अठ्ठेचाळीसच काढली,” जोतीराम हळूच म्हणाला. “आन लहान खोल्या एकेक घर मोजून, बरोबर काढल्या.” त्याने पट्टी बाजूला सारली. “एका बाजूनं मोजलं आन दोन्ही बाजू धरून चाललो. पोरांनी असं केलं असतं तर मी प्रॅक्टिकल परत करायला लावलं असतं.”

“मग कर की परत,” कासीम म्हणाला. “मानसिंग किती वेळ पाण्यात उभा राहील?”

जोतीरामने खोडरबर घेतलं. समोरची भिंत पुसली आणि ती नवी काढली, या वेळी एकेक लहान घर मोजत, साठपर्यंत. अंबादास खोक्यामागे परत गेला आणि हात मांडीखाली दाबून बसला. आता तो काहीच बोलणार नव्हता.

भिंत पुरी झाली. सातवी खोली खंदकातून बाहेर आली, आत आली, आणि तरी भिंतीला टेकली नाही. मधे पांढरी पट्टी उरली.

“आता कमी पडतंय,” जोतीराम म्हणाला. त्याने ती पट्टी मोजली. मग पेन्सिल खाली ठेवली. “पण जंगीतनं पाणी दिसतंय. म्हणजे सातवी भिंतीलाच टेकलेली. मग ही पावलं मधी कुटंतरी हायत.”

“किती?” साबेराने विचारलं, पण तिला आधीच कळलंय हे तिच्या आवाजावरून लक्षात येत होतं.

“सहा.”

कासीम सरळ बसला. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा,” तो म्हणाला, “मग वळतो.”

“चौथीत पूर्वेला ऐकलं, पाचवीत पश्चिमेला,” साबेरा म्हणाली. “तो त्या दोन्हींच्या मधे आहे. सोजरबाई पाचव्या खोलीत परत जाते आणि पश्चिमेची भिंत ठोकून बघते.”

“पोकळ वाजते,” अंबादास म्हणाला.

मानसिंगने भिंत फोडायला घेतली. फासा घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि एकोणीसवर थांबला. दगड निसटले. आत सहा पावलांची खोली, ना खिडकी, ना दार. एक म्हातारा गवंडी हातात ओळंबा घेऊन चालत होता. त्यानेच हा किल्ला बांधला होता, आणि काम संपल्यावर किल्ल्याच्या धन्याने त्याला त्यातच चिणला होता. दरवाजावर नाव धन्याचं होतं.

“मांत्रिक मंत्र म्हणतो का?” अंबादासने विचारलं.

जोतीराम म्हणाला, “न्हाय. मी त्याला इचारतो, काय पायजे.”

“तो म्हणतो, इतकी माणसं आली, सगळी मला बघून पळाली. माझी खोली कुणी मोजली नाही. सांगा, किती पावलं?”

“सहा,” जोतीराम म्हणाला. “मी मोजली. आधी चुकलो, मग बरोबर मोजली.”

“म्हातारा थांबतो,” अंबादास म्हणाला. “ओळंबा खाली ठेवतो. आणि मग मोजणं ऐकू येत नाही.”

साबेराने बाजूला राहिलेला चहाचा पेला जोतीरामकडे सरकवला, पण त्याने तो घेतला नाही. तो दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहत होता, आपला खाडाखोडीचा आणि अंबादासचा. खोकं कधी बाजूला झालं कुणालाच कळलं नव्हतं. रेघा एकमेकींवर बसत होत्या.

“दीड वर्षात असला किल्ला मला जमला न्हाय,” तो म्हणाला. “मी भिंती काढल्या आन आत भुतं सोडली. तुझं भूत भिंतीतच हुतं.” त्याने आपली पेन्सिल पुढे केली. “पुढचा रविवार तुझा. त्याच्या पुढचाबी. आन ह्याच्यावर नाव घाल.”

“ग्राफवर नाव घालत नाहीत,” अंबादास म्हणाला.

“हा चादरीचा न्हाय. घाल.”

अंबादासने पेन्सिल घेतली. उजव्या कोपऱ्यात, कारखान्यात मास्तर जिथे डिझाइनचा नंबर टाकतात तिथे, त्याने आधी बारीक अक्षरात ‘आडवी आठ, उभी दहा’ असं लिहिलं, म्हणजे पुढे कुणाची चूक व्हायला नको. त्याखाली आपलं नाव लिहिलं, आणि ते सरळ आलंय का ते डोळा बारीक करून पाहिलं. सरळ आलं होतं.