अर्धा पेला

"माझ्या पोरीचं पोट म्हणजे काय टाकी वाटली का तुम्हाला, ताई?"

धाकटी शेडच्या दारात उभी राहून ओरडली तेव्हा थोरली मशीनच्या दांड्याला लोंबकळत होती. संत्र्यांचा रस काढायचं ते मशीन हातानं चालायचं. दांडा खाली ओढायचा, आत फळांचा चेंदामेंदा व्हायचा आणि खालच्या चोचीतून रस गळायचा. दांडा इतका आडमुठा की थोरलीसारख्या अंगापिंडानं भरलेल्या बाईलासुद्धा दोन्ही पाय जमिनीवरून उचलून त्याला लटकावं लागायचं. म्हणून जावेचं बोलणं तिनं अधांतरीच ऐकलं.

"काय केलं मी?" ती वरूनच म्हणाली.

"काय केलं? सकाळी उठली की पोरगी इकडं. दोन ग्लास. दुपारी मी जरा पाठ टेकली की परत इकडं. ताटावर बसवली की म्हणते, आई, माझं पोट डुगडुग करतंय. वर हलवून दाखवते. आणि खरंच आवाज येतो हो!"

कोपऱ्यात सासरे संत्री निवडत बसले होते. चांगली बाजाराला, डागाळलेली मशीनला. ते एकदम तोंड फिरवून खांदे हलवायला लागले.

"मामंजी, हसू नका."

"हसतोय कुठं? खोकतोय."

"खोका. पण ऐका पण. दाढ काळी पडायला लागलीय तिची. वजनाचा काटा जागचा हलत नाही. नर्सबाईंनी मला चार बायांत उभं करून विचारलं, पोरीला जेवायला घालता की नाही? मी मेल्याहून मेले. म्हणाल्या, रसात उतरते ती साखर, आणि चावायचा चोथा तुम्ही टाकता म्हशीपुढं. म्हैस बघा कशी चकाकतेय, आणि माझी पोरगी बघा!"

म्हैस खरंच चकाकत होती.

थोरलीनं दांडा सोडला. तो खाडकन वर गेला. "मग बंदच करायचं म्हणतेस?" तिचा आवाज एकाएकी बारीक झाला.

"बंद नाही म्हणाल्या. वर्षाच्या आतलं लेकरू असतं तर थेंबसुद्धा नको म्हणाल्या असत्या. आपली चार वर्षांची आहे. अर्धा पेला. तोही रोज नाही, एक दिवसाआड, जेवणाबरोबर. त्याच्यावर टिपूस द्यायचं नाही." धाकटी जायला वळली आणि जाता जाता थांबली. रागावलेलं माणूस नेमकं जाता जाता थांबतं. "आणि खरं सांगू का ताई? ती काय तुमच्यासाठी येत नाही इथं. मशीनसाठी येते. नळ बंद झाला की कळेल तुमचं तुम्हालाच."

ती गेली. सासऱ्यांचा खोकलाही थांबला.

थोरलीला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बोलणं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, तिनं स्वतःसुद्धा. पण ही धाकटीची पोर चालायला लागली ती पहिल्यांदा शेडच्या दिशेनंच. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण तिला सरळ चालता यायचंच नाही. कुठं जायचं तर ती स्वतःभोवती गिरक्या घेत जायची. सकाळी वाऱ्यावर पानं सळसळायला लागली, की बागेतल्या काळ्या चिकट मातीत पाय भरवत, गिरक्या घेत ती यायची आणि ओरडायची, "मोठी आई, मी आले!" तेवढ्या चार शब्दांवर थोरलीचा दिवस निघायचा. दांडा ओढायचं बळ कुठून येतं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं, पण तिला ठाऊक होतं.

आणि आता ही म्हणते, मशीनसाठी येते.

थोरली बराच वेळ चोचीतून गळणाऱ्या शेवटच्या थेंबांकडं बघत राहिली. मग तिची नजर चोचीखालच्या भांड्यावर गेली. आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की सासऱ्यांनी विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?"

"मामंजी, ती अर्धा पेला म्हणाली ना?"

"म्हणाली बुवा."

"मग ठीक आहे."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. या घरात पाणी प्यायचा तो ग्लास. चहाचा तो कप. आणि पेला म्हणजे मशीनच्या चोचीखाली ठेवलेलं पत्र्याचं भांडं. सासऱ्यांच्या वडिलांनी पहिलं लहानसं मशीन आणलं, तेव्हा खाली खरोखरीचा पेला ठेवला होता. मग मशीन मोठं झालं, भांडं मोठं झालं, नाव मात्र तेच राहिलं. त्यात एखादं कोकरू उभं राहिलं असतं. धाकटी दुसऱ्या गावची. तिच्या माहेरी ग्लासाला पेला म्हणत. सासरी येऊन तिनं बाकी सगळं बदललं, तोंडातला हा एक शब्द बदलायचा राहिला. आणि शेडमध्ये ती कामाला कधी यायची नाही, तिच्याकडं घर आणि गोठा होता.

थोरलीनं हिशेब केला. म्हणजे आपण आजवर पोरीला उपाशीच ठेवत होतो की! एवढासा ग्लास द्यायचो, आणि दवाखान्यातली शिकलेली बाई म्हणते अर्धा पेला. देवमाणूस आहे नर्सबाई. क्षणभर तिच्या मनात आलं, धाकटीला एकदा विचारावं. मग तिनंच ते झटकलं. मनासारखं झालेलं परत विचारून कोण बिघडवून घेतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी भिंगरी आली. थोरलीनं पेला अर्धा भरला, पोरीला मांडीवर घेतलं आणि ग्लासानं त्यातून काढून काढून पाजायला बसली.

"मोठी आई, अजून आहे?"

"अजून आहे, राणी. नर्सबाईंनी सांगितलंय. संपवायचं."

"माझं पोट कडक झालं."

"जरा गिरकी मार, मोकळं होईल."

भिंगरीनं गिरकी मारली. मग दुसरी. मग ती थांबेचना. शेडभर, अंगणभर, म्हशीभोवती तीनदा, आजोबांच्या निवडलेल्या ढिगातून आरपार. चांगली संत्री डागाळलेल्यांत गेली, डागाळलेली म्हशीच्या पायांत. दर थोड्या वेळानं ती कुंपणाकडं पळायची, तिथून हलकी होऊन परत गिरक्या. बोटं, हनुवटी, कोपर, सगळं चिकट. संध्याकाळी ती पायरीवर जरा टेकली, तर मुंग्यांची रांग तिच्यापर्यंत आली, तिच्यावरून गेली आणि समाधानानं परतली.

त्या रात्री तिचा बाप, टेम्पो चालवून दमलेला, लेकीला कुशीत घेऊन झोपला. सकाळी त्यानं गादी दोरीवर टाकली आणि म्हणाला, "मी स्वप्नात टेम्पो घेऊन नदीत गेलो होतो. आता कळलं का ते."

"अर्धाच पेला दिला होता ना, ताई?" धाकटीनं अंगणातून ताठ आवाजात विचारलं.

"अर्धाच! हवं तर मामंजींना विचार. एका टिपसाची फसवणूक नाही."

सासऱ्यांनी मान डोलावली. खोटं काहीच नव्हतं.

एक दिवस सुट्टीचा. त्या दिवशी भिंगरी शेडच्या दारात आडवी पडून रडली आणि घरातल्या सगळ्यांनी तिच्यावरून ओलांडून कामं केली. मग परत अर्धा पेला. परत गिरक्या, परत गादी दोरीवर. धाकटी बुचकळ्यात पडली. रस एवढा कमी केला, तरी पोरगी ताटाकडं बघत नाही, आणि पोट तर आता डुगडुग सोडून डबाडबा वाजतंय. ती मनाशी म्हणाली, रोगच काही वेगळा दिसतोय. आणि तिनं नर्सबाईंना घरी बोलावणं धाडलं.

नर्सबाई सायकलवरून आल्या. बुटक्या, चपळ, हँडलला वजनकाटा अडकवलेला. अंगणात काटा झाडाला टांगून त्यांनी भिंगरीला झोळीत बसवलं. काट्याकडं बघून भुवया चढवल्या.

"रस कमी केला ना?"

"तुम्ही सांगितलं तेवढाच, बाई," धाकटी म्हणाली.

"अगदी मोजून," थोरली मागून पुढं झाली. आज तिला बोलायचंच होतं. "एक दिवसाआड, जेवणाबरोबर, अर्धा पेला. पहिल्या दिवशी पोरीला जरा जड गेलं, पण मी बसून संपवून घेतला."

"अर्धा ग्लास संपवून घ्यावा लागला?"

"ग्लास नाही हो बाई, पेला."

"तेच ते," धाकटी म्हणाली.

"तेच कसं? ग्लास तो ग्लास, पेला तो पेला," थोरली म्हणाली.

नर्सबाईंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "जरा तो पेला बघू."

सासरे उठले. म्हातारं माणूस, पण त्या दिवशी पायाला चाकं लागल्यासारखे गेले आणि ते पत्र्याचं भांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आले. अंगणाच्या मधोमध ठेवलं.

भिंगरीनं झोळीतून ओरडून सांगितलं, "हाच! हाच पेला!"

"यात माझी आंघोळ होईल," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

पहिली धाकटी फुटली. तिनं तोंडावर हात दाबला, मग तिथंच मातीत फतकल मारली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं बाई गं! पेला! माझ्या माहेरी... अगं बाई गं!" सासरे उघडपणे हसले, खोकल्याची सोंगं सोडून. नर्सबाईंनी सायकलच्या सीटवर डोकं टेकलं. थोरलीसुद्धा हसली. पण तिचं हसणं सगळ्यांच्या शेवटी आलं आणि सगळ्यांच्या आधी संपलं, कारण पुढं काय येणार ते तिला दिसत होतं.

"मुद्दाम नाही हो केलं," ती म्हणाली.

"मुद्दाम कोण म्हणतंय? पण आता थोडे दिवस रस नकोच," नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तहान लागली तर पाणी. आणि संत्रं खायचं असेल तर सोलून हातात द्या. एका संत्र्यानं पोरीचं समाधान होतं, जबडा हलतो, दातही घासले जातात. ग्लासभर रसात किती संत्री जातात ते तुमच्याएवढं कुणाला माहीत? तेवढी ती बसून खाऊ शकेल का? नाही ना? मग प्यायला तरी का द्यायची?"

दुसऱ्या सकाळी थोरली शेडमध्ये आली, पण दांड्याला हात लावला नाही. वारा सुटला होता. ती दाराकडं पाठ करून बसली, म्हणजे वाट बघतेय असं वाटायला नको.

"मोठी आई, मी आले!"

"ये गं राणी. हे बघ, तुझ्यासाठी सोलून ठेवलंय."

भिंगरीनं फोडींकडं बघितलं. मशीनच्या चोचीकडं बघितलं. चोच कोरडी होती. "रस दे."

"रस नाही आता. हे खा, गोड आहे."

"त्यात बिया असतात." खालचा ओठ बाहेर आला. "मला रस पाहिजे." थोरलीनं मान हलवली. भिंगरी उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकही गिरकी न घेता, सरळ चालत, निघून गेली.

थोरली बसून राहिली. धाकटीचे शब्द कानात घुमत होते, त्याला काही इलाज नव्हता. समोर सोललेलं संत्रं होतं. फळ वाया घालवणं तिच्या हाताला जमायचं नाही, म्हणून तिनं एक फोड तोंडात टाकली. चांगलीच गोड होती, त्याचाही राग आला. दारासमोर घरचा कोंबडा छाती काढून उभा होता, जसा काही शेड त्याच्याच नावावर आहे. थोरलीनं रागानं बी थुंकली.

बी सूं करत गेली आणि कोंबड्याच्या बरोबर शेपटाखाली लागली. कोंबडा हातभर उंच उडाला, हवेतच उलटा फिरला आणि खाली येऊन जोरात आरवला. भरल्या उन्हात.

कुंपणाआडून खिदळण्याचा आवाज आला.

थोरलीनं मान वळवली नाही. तिनं दुसरी फोड तोंडात टाकली, बी जिभेच्या टोकावर आणली, गाल फुगवले. फट्! ही लागली मशीनच्या पत्र्याला. टण्ण!

"मला! मला दे!" भिंगरी आली ती दोन गिरक्या घेतच. "मोठी आई, मला बी दे!"

"बी अशी मिळत नाही. आधी फोड चावून खायची. नीट. मग आतली बी सापडते. आणि ती गिळायची नाही, बरं का."

भिंगरी चावायला लागली. एवढ्या मन लावून तिनं कधी काही चावलं नव्हतं. पहिली बी तिच्याच हनुवटीवर पडली. दुसरी थोरलीच्या कपाळावर. तिसरी कोंबड्याच्या दिशेनं, आणि कोंबडा आता शहाणा झाला होता, तो आधीच पळाला.

संत्रं संपलं, तरी दोघी थुंकतच होत्या, जमिनीवरच्या बिया उचलून. तेवढ्यात दारात सावली पडली.

"हे काय चाललंय?" धाकटी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या पायाशी एक बी येऊन पडली.

थोरली गडबडीनं उठली. "रस नाही हो दिला. एकच संत्रं. विचार तिला."

धाकटीनं बीकडं बघितलं. मग शेडच्या दारापासून कुंपणापर्यंतचं अंतर बघितलं. "एवढंच जातं तुमचं, ताई?"

"म्हणजे?"

"माहेरी मी विहिरीपलीकडं थुंकायचे." तिनं ढिगातलं एक संत्रं उचललं, सोललं, फोड चावली. एक पाय मागं घेतला. फूः! बी वारा कापत गेली, कुंपणावरून, म्हशीवरून, आणि पलीकडं बाजेवर डुलकी काढणाऱ्या सासऱ्यांनी एकदम गालावर चापट मारली. "हे डास दिवसासुद्धा!" त्यांचा आवाज आला.

दोघी जावा एकमेकींच्या खांद्याला धरून खाली बसल्या. कुणी कुणाला सावरत होतं ते कळेना.

"परत," थोरली धापा टाकत म्हणाली. "परत टाक. आता मीही कुंपण ओलांडते बघ." आणि तिनं फोड तोंडात घातली.

"लावा पैज," धाकटी म्हणाली. "ये गं भिंगरे, आईच्या बाजूला उभी राहा."

भिंगरीनं आईकडं बघितलं. तिनं एवढा लांबचा नेम कधी बघितला नव्हता. मग ती गिरकी घेत आली आणि थोरलीच्या पायाला मिठी मारून उभी राहिली.

"मी मोठ्या आईकडून."

धाकटीचा हात संत्र्यावर क्षणभर थांबला. "बरं," ती म्हणाली. "तिला गरज आहे."

"थुंक ना, मोठी आई! थुंक!"

थोरलीनं गाल फुगवले, जीभ फिरवली, इकडं शोधलं, तिकडं शोधलं. बी नव्हतीच. केव्हाच गिळली गेली होती.