डावीकडचा पीळ

तिने कातर उघडली, सिगारच्या टोकाशी नेली आणि पुन्हा मिटून टेबलावर ठेवली.

"काय झालं?" समोरच्या नाकवाल्या काकांनी विचारलं. परीक्षकांच्या त्या खोलीत सगळ्यात जुने तेच. बंद खोक्याच्या नुसत्या वासावरून काका पानाचं वय सांगतात अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्याचं काम ते स्वतःच मनापासून करत.

"काही नाही. बघतेय."

"अगं, बघण्याचे गुण थोडेच असतात. पेटव आता."

सिगार मोठ्या मानाची होती. वर्षानुवर्षं मुरवलेलं पान, मोजकेच नग, पुन्हा कधी निघायची नाही. पण ती कुणाची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सिगारींना गुण देणाऱ्या त्यांच्या मासिकाचा शिरस्ताच तसा होता. नावाची पट्टी काढूनच सिगार टेबलावर येई. दोघांच्या गुणांची सरासरी नव्वदीपार गेली, तर कारखान्याचं आणि ती वळणाऱ्याचं नाव छापलं जाई. खाली राहिली, तर नाव परीक्षकांनाही कळत नसे.

आणि हिच्या टोकाला पीळ होता.

बहुतेक वळणारे टोकावर पानाचा गोल तुकडा डकवून मोकळे होतात. इथे वरचंच पान ओढून, डावीकडे पिळून आखूड तोडलं होतं. तिचे बाबा सिगार वळताना असं करायचे, कारण त्यांचा उजवा अंगठा वाकत नसे. दादाचा अंगठा चांगला धडधाकट, पण बाबांचं बघून शिकला म्हणून पीळही तसाच उचलला. तिसरा असा हात तिने आजवर पाहिला नव्हता.

पीळ उचलला, पण बाबांचा धीर काही दादाने उचलला नाही. हातात घाई फार. आतली पानं नीट बसायच्या आधीच तो वरचं पान गुंडाळायला घ्यायचा, आणि सिगार मधोमध पोकळ राहायची. बाबा ती दोन बोटांत दाबत, मधे थांबत, "पोकळ" एवढंच म्हणत आणि टोपलीत टाकत. एक दिवस सगळ्या कारखान्यादेखत टाकली. दादाने पानं कापायची सुरी पुसली, खिशात घातली आणि जो गेला तो गेलाच. ना पत्ता, ना निरोप. पुढे बाबाही वारले. कुठून कुठून आलेल्या सिगारी हाताखालून जातात म्हणून तिने ही नोकरी धरली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने सिगार दाबून पाहिली नाही. तेवढा धीर झाला नाही. मनात मात्र पक्कं केलं: पोकळ निघाली तरी नव्वदीच्या वरच गुण द्यायचे. आजवर एकही खोटा गुण दिला नव्हता. आज द्यायचा. नाहीतर दादा पुन्हा हातचा जाणार.

टोक कापून तिने रुमालावर ठेवलं आणि सिगार पेटवली. आधी जुन्या लाकडी पेटीचा वास, मग भाजलेल्या बदामाची गोडी. काका डोळे मिटून मान डोलवत होते. तिचं लक्ष चवीत नव्हतंच. ती मध्याची वाट बघत होती. पोकळ जागा आली की धूर एकदम तापतो, जिभेला चटका बसतो. तो चटका तिला हवा होता. त्याच्यासाठी तिचा जीव नुसता तळमळत होता.

मध्य आला आणि गेला. धूर थंडच राहिला. राख सरळ, घट्ट, एका रेषेत उभी.

म्हणजे दादा नाही. दुसराच कुणी, कुठेतरी, उगाच डावीकडे पिळणारा.

"डोळ्यांत धूर गेला का?" काकांनी विचारलं.

"हो."

"तुझ्या कधी जात नाही तो."

तिने सिगार शेवटपर्यंत ओढली आणि गुण लिहिले: त्र्याण्णव. खरे गुण. खोटं बोलायची वेळच आली नाही, याचंच तिला वाईट वाटलं. काकांचे ब्याण्णव. त्यांनी खुशीत फोन उचलला आणि कचेरीतून कारखान्याशी जोडून घेतला. फक्त नाव लिहून घ्यायचं होतं, पण काकांना आधी गप्पा लागत.

"मुलगी आहे म्हणे," रिसीव्हरवर हात ठेवून ते तिला सांगू लागले. "कोवळं वय आहे अजून. बापाने शिकवलं. त्याचे हात आता कापतात, म्हणून तो वळत नाही. शेजारी बसतो आणि हिची एकेक सिगार दोन बोटांत दाबून बघतो. मधे जरा पोकळ लागली की टोपलीत!" काका हसले. "भलताच खडूस दिसतोय."

रुमालावरचं टोक तिने मुठीत घेतलं होतं.

"काका, फोन ठेवू नका."

"का गं?"

"त्या मुलीला विचारायला सांगा," ती म्हणाली, "तिला आत्या आहे का."