मान कापलेली कॅन

निळा उजेड.
कापराचा वास.
विळ्याच्या पात्यावर वाळलेली माती.
साक्षगंधाचे पाहुणे.
गारव्यासाठी माझ्या पोटाला टेकलेला एक छोटा गाल.

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची कॅन आहे. वरचे तुकडे माझेच आहेत. आता जोडते.

यंत्राने गरम निळ्या प्लास्टिकमध्ये हवा फुंकली आणि मी फुगले. तोच माझा जन्म. पूर्वी माझ्यासारख्या कॅन फुटेपर्यंत कुठेही पडून राहत, आणि कंपनी नव्या बनवी. आता कायदा आहे. मोठ्या प्लास्टिकच्या भांड्यांतून माल विकणाऱ्या कंपनीने त्या भांड्यांचा ठरलेला वाटा पुन्हा वापरायचाच. म्हणून आमच्या कंपनीने नियम केला: रिकामी द्या, भरलेली घ्या.

मला हा नियम फार आवडे. भरायचं, जायचं, रितं व्हायचं, धुतलं जायचं, पुन्हा भरायचं. पुढे कुणाच्या घरी उतरणार, हे कधीच ठाऊक नसे. भूपेंद्र गाडीवाला आम्हाला खांद्यावर घेई आणि म्हणे, "चाल बाई, सासरी."

एकदा आंजी गावात नानाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरले. कपाशीवर फवारणी चालू होती. वावरात बादली सापडली नाही, म्हणून नानाजींनी माझ्यात औषध कालवलं.

पाण्याशिवाय काहीच माझ्यात कधी गेलं नव्हतं. ते जळजळीत औषध माझ्या अंगात मुरलं.

दोन दिवसांनी नात आकांक्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. भरलेल्या कॅन हव्या होत्या, आणि त्या रिकाम्या दिल्याशिवाय मिळणार नव्हत्या. नानाजींनी मला सोडा टाकून घासलं, पुन्हा घासलं, आत कापूर ठेवला आणि इतर रिकाम्या कॅनमध्ये उभं केलं.

भूपेंद्र प्रत्येक कॅन उचलण्याआधी हुंगत असे. माझ्या तोंडाशी नाक नेऊन तो हसला.

"काकाजी, कॅनमधी आरती केली का?"

"पाहुणे येऊन राह्यले ना बापा. सगळं घरच वासाचं झालं."

मी गाडीवर चढले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

तेवढ्यात कोकिळाकाकू विळा घेऊन आल्या. नानाजींच्या त्या घरधनीण.

"भूपेंद्र, थे कॅन उतरव."

"काऊन काकू?"

"इच्यात फवारणीचं औषध गेलतं."

नानाजी खालच्या आवाजात म्हणाले, "धुतली ना म्या. लोकाईसमोर इज्जत काढतं का?"

"धुतली त तुम्ही पेता का इच्यातलं? पुढं कोणाचं लेकरू पेईन, तुमाले माहीत हाये?"

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

काकूंनी मला मांडीवर आडवं घेतलं. एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवला, झोपलेल्या लेकराच्या फिरवतात तसा. मग विळ्याने माझी मान कापली. आता मला कुणीच चुकूनही भरणार नव्हतं.

भूपेंद्र म्हणाला, "कापलेली बी द्या काकू. वितळवतीन. पण भरलेली एक कमी भेटन."

"भेटू दे कमी."

साक्षगंधाच्या दिवशी पाणी कमी पडलं. तेव्हा नानाजी स्वतः शेजारच्या विहिरीवरून पितळी गुंडाने, त्या मोठ्या घागरीने, पाणी आणत होते. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, "नानाजी, तुमी काऊन?" ते म्हणाले, "माहं काम होतं थे."

आज मी कारखान्याच्या शेडमध्ये वितळायची वाट पाहते आहे. उद्या कदाचित पाइप होईन, कदाचित खुर्ची. पाणी मात्र पुन्हा माझ्यात येणार नाही.

मित्रांनो, वस्तू परत न्या, असं कायदा कंपनीला सांगू शकतो. घरात माझ्यात काय ओतलं, ते त्याला दिसत नाही. ते तुम्ही सांगा. माझ्यात पाण्याशिवाय काही घालू नका. घातलंच, तर लपवू नका.

नानाजींकडे येण्याआधी मी आंजीच्या अंगणवाडीत होते. तिथेच तो छोटा गाल माझ्या पोटाला टेकला होता.