मोटर शेवटी

सकाळचं ऊन खोलीत यायला लागलं तसं काकूंनी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि लाल व्हॅक्युम क्लीनर ओढत आणून त्यावर ठेवला. मुलगा अकराला येणार होता. येताना नवीन मशीन आणणार होता आणि जाताना हे भंगारात नेणार होता. हातात दोन तास होते.

"आई, अठ्ठावीस वर्षं झाली त्याला," तो फोनवर म्हणाला होता. "दहा मिनिटं चालतं नि बंद पडतं. किती दिवस त्याची मनधरणी करणार?"

"कुठेतरी काहीतरी अडकलंय, बाकी काही नाही. तुझ्या बाबांच्या हातचं मशीन आहे."

"बाबा असते तर त्यांनीच टाकलं असतं."

"त्यांनी जन्मात एक मशीन टाकलं नाही. गणितात नापास झालास तेव्हा तुला तेवढं टाकायला निघाले होते."

मुलगा हसला होता आणि हसता हसता खोकला होता. पण काकूंचं लक्ष तेव्हा मशीनकडे होतं.

तळमजल्यावर अडतीस वर्षं त्यांच्या यजमानांचं दुकान होतं. व्हॅक्युम क्लीनर दुरुस्तीचं. सगळा रस्ता त्यांना मशीनकाका म्हणायचा, म्हणून या आपोआप मशीनकाकू. दुपारी भांडी आवरली की त्या खाली जाऊन बसायच्या. आधी नुसतं सोबत म्हणून, मग स्क्रू डब्यात टाकायला, आणि पुढे पुढे तर गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की काकाच विचारायचे, "बोला, काय झालं असेल याला?" काकू बोलायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायच्या.

दुकानात एक क्रम होता. आधी पाइप, मग पिशवी, मग फिल्टर. मोटर शेवटी. गिऱ्हाईक यायचं तेच मुळी रडवेल्या चेहऱ्याने, "मोटर जळली हो!" म्हणत. काका शांतपणे पाइप उचलायचे, एका टोकातून गोटी सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला हात धरायचे. गोटी आली नाही की समजायचं, पाइपात काहीतरी बसलंय. मोजे निघायचे, कानातली निघायची. एकदा एका आजोबांची कवळी निघाली. तिच्या नावाने त्या घरातल्या सुनेने आठवडाभर बोलणी खाल्ली होती. पाइप मोकळा असला तर पिशवी भरलेली, पिशवी रिकामी असली तर फिल्टर धुळीने लिंपलेला. "उगाच मोटर उघडून माणसाच्या काळजाचं पाणी का करायचं?" काका म्हणायचे. "दहात नऊ वेळा फिल्टरच असतो."

घरातही तीच भाषा झाली. कुणाला सर्दी झाली, फिल्टर भरलाय. सूनबाई गाल फुगवून बसली, फिल्टर भरलाय. अभ्यास डोक्यात शिरत नाही, फिल्टर भरलाय. सगळे हसायचे, आणि बहुतेक वेळा धुऊन वाळवून काम भागायचं.

मागच्या वर्षी काकांना जिना चढताना दम लागायला लागला. पहिल्या वळणावर कठडा धरून उभे राहायचे.

"काय हो, काय होतंय?"

"काही नाही गं. फिल्टर भरलाय. अडतीस वर्षं लोकांच्या घरची धूळ खाल्ली, भरणारच."

काकूंनाही ते पटलं. किती सहज पटलं! ज्या घरात रात्रंदिवस धुळीचीच बात, त्या घरात दम लागला तर धुळीशिवाय दुसरं सुचणार काय? मग त्यांनी क्रमानेच सगळं केलं. आधी घसा. मिठाच्या गुळण्या, वाफारा. मग पोट. संध्याकाळचं जेवण हलकं केलं. मग छाती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे फोटो काढला, तो बऱ्यापैकी स्वच्छ आला. त्या दिवशी दोघं किती खुशीत परत आली होती! मधल्या दिवसांत काकांच्या चपला आवळायला लागल्या. "चपला आकसल्या बघ," म्हणून त्यांनी पट्टे सैल करून घेतले. फोटो पाहून डॉक्टर म्हणाले होते, सोमवारी या, हृदयाची पट्टी काढून बघू. शनिवारी सकाळी काका दुकानाचं शटर अर्धं वर करून खाली बसले. ते उठलेच नाहीत.

नंतर कुणीतरी सांगितलं, पाय सुजतात ते हृदयामुळे. चपला कधी आकसतात का?

हे काकू कुणाला बोलल्या नव्हत्या. पण सकाळी मशीनपुढे बसताना त्यांच्या मनात एक हिशेब होता आणि तो त्यांना नीट माहीत होता. आज या मशीनच्या पाइपात काही सापडलं किंवा फिल्टर भरलेला निघाला, तर क्रम बरोबर होता. क्रम बरोबर, तर यांच्या बाबतीत जे केलं तेही रीतीलाच धरून होतं. जाणार होते ते गेले. आपलं चुकलं नाही.

त्यांनी पाइप काढला आणि देव्हाऱ्यातला दिवा लावताना धरावा तशा जपून हातांनी वर धरला. गोटी सोडली. ती खळखळत आली आणि तळहातावर पडली. पाइप मोकळा.

पाइप परत जोडून त्यांनी मशीन चालवून पाहिलं. ओढ नाही. दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं, न जाणो, सुटेल आपोआप. आवाज येत होता. काकूंनी तो ऐकला आणि ऐकलाही नाही.

पिशवी काढली. पाव भरली होती. तरी नवीन लावली. पुन्हा चालवलं. या वेळी एक वास आला, तापल्या प्लास्टिकसारखा, बारीक. "धूळ तापली असेल," काकू स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या.

फिल्टर काढला. देवा, फिल्टर तरी भरलेला असू दे. तो राखाडी होता, पण भरलेला म्हणावा असा नव्हता. त्यांनी तो नळाखाली धुतला, पिळला आणि उन्हात ठेवला. वाळेपर्यंत वेळ जायला नको म्हणून कपाटातला जुना, कोरडा फिल्टर बसवला. बटण दाबलं.

मशीनने घशातून काढावा तसा आवाज काढला. काकूंचे डोळे मिटले. अडकलेल्या मशीनचा आवाज चढतो. हवा मिळत नाही म्हणून मोटर हलकी होऊन किंचाळायला लागते. हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. आणि हा आवाज उतरत होता. थांबत, अडखळत, जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाही तो तसाच होता. गेले कित्येक महिने तसाच होता.

त्यांनी घाईने पेचकस घेतला. काका करायचे तसं पात्याचं टोक मोटरवरच्या झाकणाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत खर्रर्र, खर्रर्र. बंद करायला त्या बटणापर्यंत पोचायच्या आत आतून 'फट्' झालं, फटीतून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि मशीन गप्प झालं.

प्लग काढून त्यांनी झाकण उघडलं. मोटरच्या दोन्ही बाजूंना कार्बनच्या कांड्या असतात. वीज त्यांच्यातून आत जाते, आणि चालून चालून त्या झिजतात. शाळेतल्या खडूच्या तुकड्यासारख्या. एक कांडी नखाएवढी उरली होती, दुसरी जवळजवळ नव्हतीच. तिच्या जागी स्प्रिंग घासून तांबं काळं पडलं होतं. नव्या कांड्यांची जोडी खणात होती, काकांनीच ठेवलेली. सकाळी आधी मोटर उघडली असती तर दहा मिनिटांचं काम. पण तीनदा चालवलं. तीनदा, क्रमाने.

काकू कांड्यांची पुडी हातात घेऊन बसून राहिल्या. रडू आलं नाही. घरात जळका वास तेवढा भरून राहिला.

खाली गाडीचं दार लागलं. जिन्यावर पावलं वाजली. काकूंनी ती न मोजताच ऐकली. पहिल्या वळणावर पावलं थांबली. मग पुन्हा सुरू झाली, हळू.

मुलगा दारात आला, काखेत नव्या मशीनचं खोकं. चेहऱ्यावर घाम. "हे काय, ऑपरेशन मांडलंयस वाटतं?" त्याने खोकं खाली ठेवलं आणि चौकटीला हात टेकला. "थांब जरा... दम खाऊ दे. दोन मजले म्हणजे आता..." मग बापासारखाच एका बाजूने हसला. "फिल्टर भरलाय गं."

काकू त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या जमिनीवर बसलेल्या होत्या, त्यांच्या नजरेसमोर त्याचे बूट होते. दोन्ही बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या.

"नाड्या का सोडल्यास?"

"आवळतात. नवे आहेत ना."

"बूट काढ."

"अगं, आधी पाणी तरी दे—"

"बूट काढ म्हटलं ना!"

पन्नाशीच्या माणसाने लहान मुलासारखे बूट-मोजे काढले. मोज्याच्या काठाचा घोट्यावर खोल वळ उठला होता. काकूंनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा पडला, तो तसाच राहिला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. खळगा भरेना.

"किती दिवस?"

"काय किती दिवस? अगं, वजन वाढलंय, बसून काम असतं. मी आपला घशाचं औषध घेतोय. पुढच्या आठवड्यात रक्त तपासू, मग—"

"मग सोमवारी," काकू म्हणाल्या.



काकूंनी भिंतीला धरून उठायला वेळ घेतला, पण पायात चपला सरकवायला घेतला नाही. पातळ बदललं नाही, केस सारखे केले नाहीत. "गाडीची किल्ली शेजाऱ्यांना दे, तू चालवायची नाहीस. आणि जिन्यात बोलायचं नाही."

"आई, मशीन असंच उघडं—"

"राहू दे."

दवाखान्यातली डॉक्टर वयाने तरुण होती. केस घट्ट बांधलेले, हात गार. "काय होतंय?" तिने मुलाला विचारलं. उत्तर काकूंनी दिलं.

"मोटर बघा. घसा नको, पोट नको, फोटो नको. आधी मोटर."

डॉक्टरने मान वर केली. "हृदय म्हणायचंय तिला," मुलगा ओशाळून म्हणाला. "आमच्या बाबांचं दुकान होतं..."

डॉक्टर हसली. नळ्या कानात घालून तिने त्याच्या छातीवर चकती टेकवली, वर, खाली, बाजूला. काकू स्टुलावर बसून बघत होत्या. त्यांच्या हातात अजून कार्बनच्या कांड्यांची पुडी होती. ती कधी मुठीत आली ते त्यांना कळलं नव्हतं.

काका मशीन ऐकायचे तेव्हा पेचकस एका जागेवरून दुसऱ्या जागी भराभर सरकायचा. कुठे काही नसेल तिथे ते पुन्हा जायचे नाहीत. सापडलं की मात्र त्याच जागी परत टेकवायचे, आणि बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला हाताने गप्प करायचे.

मुलगा काहीतरी सांगत होता, बुटांबद्दल. डॉक्टरचं हसू मावळलं. तिने चकती सरकवली, थोडी डावीकडे, मग आधीच्याच जागी परत आणून टेकवली. आणि दुसरा हात वर करून त्याला गप्प केलं.