माझ्या अंगावरची हिरवी रेघ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिराफ आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. अंगावरचे पोपडे बघा आणि काय ते समजून घ्या. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या खेळ-उद्यानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. एका बाजूला चाक निखळलेली हातगाडी, दुसऱ्या बाजूला नाक फुटलेला घोडा. घोडा दिवसभर कुरकुर करतो. मीही करतो म्हणा, पण माझ्या कुरकुरीला कारण आहे. ते आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म याच शेडमधला. उद्यानात मोठमोठी यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्या जोडून सुताराने मला उभं केलं. रंगाऱ्याने जन्मात जिराफ पाहिला नव्हता. त्याने माझ्या अंगावर बिस्किटासारखे गोल गोल ठिपके काढले आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा करून ठेवला. सुतार म्हणाला, हे ध्यान बघून पोरं रडतील. रंगारी म्हणाला, रडतील कशाला, हसतील. शेवटी रंगाऱ्याचंच खरं झालं. मुलं मला बघून खदाखदा हसायची आणि मला ते फार आवडायचं.

पण मला काही शोभेसाठी बनवलं नव्हतं. माझ्या छातीवर एक लाल रेघ होती आणि तिच्यावर, तुमच्या हाताचा पंजा मावेल इतकं अंतर सोडून, एक हिरवी रेघ. मला जिथे उभं केलं तिथे वाट दुभंगायची. डावीकडे झुलतं जहाज, उजवीकडे बदकांचं तळं, म्हणजे बदकाच्या आकाराच्या होड्यांचं. लाल रेघेपर्यंत डोकं पोचलं तर मोठ्या माणसासोबत जहाजात बसता यायचं. हिरव्या रेघेच्या वर डोकं गेलं तर मात्र बदकात बसता यायचं नाही, कारण बदकाच्या पुढच्या चिमुकल्या जागेत गुडघे अडकायचे. मागची जागा रुंद होती, ती आईबाबांसाठी. मूल पुढे, मोठं माणूस मागे, आणि बदक आपलं डुलत डुलत तळ्याला फेरी घालणार.

काय सांगू तुम्हाला, काय काय लबाड्या पाहिल्या मी! कुणी चवड्यांवर उभं राहायचं, कुणी बुटात रुमाल कोंबायचं. एका आजोबांनी तर नातवाच्या टोपीत दुसरी टोपी घातली होती. कुणी आजी मलाच दटावायच्या, की जन्मतारखेने पाच पूर्ण आहेत याला, हा लाकडाचा ठोकळा काय सांगतोय? मी ठोकळा खरा, पण रेघ मी कुणासाठी हलवली नाही. बदकांवर काम करणाऱ्या मावशी होत्या. गळ्यात शिट्टी, पायात कायम ओल्या चपला. त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, चला जिराफराव, लागा कामाला. त्यांच्या एवढ्या बोलण्यावर माझा दिवस छान जायचा.

आता भिंगरीची गोष्ट सांगतो. माझ्यापाशी हजारो मुलं उभी राहिली, पण मनातून जात नाही ती हीच.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. ती पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती आणि आईच्या ओढणीमागे लपून चालत होती. बरोबर तिचे बाबा होते. ते मोठ्या मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. एकदा गेले की वर्ष वर्ष तिकडेच, घरी आले की थोडे दिवस. भिंगरीने त्यांना पाहिलं होतं ते सगळं फोनवर. मावशींनी गमतीने तिला विचारलं, हे कोण गं तुझे? तर ती बाबांकडे न बघताच म्हणाली, "माझे बाबा फोनमध्ये असतात."

बाबा हसले. पण ते हसू कसं होतं, ते मी जवळून पाहिलं. दोनच दिवसांनी त्यांना परत जायचं होतं. त्याआधी या पोरीने एकदा तरी आपल्याला बाबा म्हणून हाक मारावी, आपणहून येऊन बिलगावं, एवढ्यासाठी त्यांनी हा दिवस काढला होता. आई मावशींना हळूच हे सांगत होती, आणि मी मधे उभा, त्यामुळे ऐकत होतो.

बाबांच्या हातात उद्यानाचा नकाशा होता. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं, कुठे जायचं आणि काय बघायचं. भिंगरी मात्र तळ्याच्या कठड्याला नाक लावून उभी राहिली. बदकं जवळ आली की ती बोटाने दाखवायची आणि पुन्हा आईचा पदर शोधावा तशी ओढणी पकडायची. आई म्हणाली, अहो, तिला बदकात बसायचंय, तुम्ही बसा तिच्यासोबत. पण बाबांची नजर डावीकडे गेली होती. तिकडे ते भलंमोठं जहाज झुलत होतं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. पोरीसमोर उकिडवे बसून ते म्हणाले, "बदकं काय, कुठेही मिळतील. चल, बाबा कुठे राहतो ते तुला दाखवतो."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मित्रांनो. वर्षभर आपण कुठे असतो, हे लेकीला दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. समोर जहाज दिसलं आणि त्यांना वाटलं, हेच. समुद्रावरचं काम करणाऱ्या माणसालाच असं सुचणार. दुसऱ्या कुणी बाबांनी आपलं चार वर्षांचं पोर गुपचूप बदकात बसवलं असतं.

त्यांनी तिला माझ्यापाशी उभं केलं. डोकं लाल रेघेच्या बोटभर खाली राहिलं. मी मनात म्हटलं, सुटली बिचारी. पण बाबा कुठले ऐकतात! त्यांनी तिच्या केसांचं रबर सोडलं आणि सगळे केस वर ओढून डोक्यावर एक उंच अंबाडा बांधला. जहाजावर पोत्यांची तोंडं बांधून बांधून हात बसलेला, त्यामुळे अंबाडा असा पक्का बसला की विचारू नका. आई म्हणाली, राहू द्या हो, लहान आहे ती. ते म्हणाले, अगं, मी आहे ना तिला धरायला. त्या दिवशी रांग लांब होती. जहाजवाल्याने अंबाड्याचं टोक रेघेला लागलेलं पाहिलं आणि हात न लावता आत सोडलं. माझ्या डोळ्यांदेखत हे झालं आणि मी लाकडाचा, तसाच उभा.

भिंगरी आत गेली तेव्हा हसत होती. बाबांनी पहिल्यांदा तिला कडेवर घेतलं होतं. जहाजवाला ओरडला, "घट्ट धरून बसा." जहाज आधी हळू हललं, मग एक टोक आभाळात, मग दुसरं. लोक मजेने किंचाळत होते. त्या सगळ्या आवाजात एक बारीक आवाज वेगळा होता. मुलं रडताना मी रोज ऐकत होतो, पण तसं रडणं पुन्हा ऐकायला लागू नये असं वाटलं.

जहाज थांबल्यावर बाबा तिला घेऊन उतरले. तिने कपड्यांवर ओकलं होतं. आई दिसताच तिने झेपच घेतली आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं. बाबांनी पाठीवर हात ठेवला तर अंग चोरलं. बाबा म्हणाले, चल, आता बदकात जाऊ. पण ती तळ्याकडेही बघेना, कशाकडेच बघेना. मावशींनी माठातलं पाणी आणून दिलं. बाबा अंबाड्याचं रबर सोडवायला गेले तर गाठ सुटेना. शेवटी आईनेच ती सोडवली. पुढच्या वेळी बदकात नक्की बसू हं, असं बाबा तीन-चारदा म्हणाले, आणि ती तिघं निघून गेली. तो दिवस असा वाया गेला.

पुढे दीड वर्ष गेलं. माझ्या पायाला वाळवी लागली, सुताराने खाली पत्रा ठोकला. उजवा कान एका पोराने लटकून तोडला. नवा रंग देऊ, देऊ म्हणत साहेब लोक विसरून गेले. फाटकाजवळ उंची मोजणारा एक नवा धातूचा खांब आला होता, मूल खाली उभं राहिलं की तो टिंग वाजायचा. मला कळत होतं की माझे दिवस भरत आलेत. तरी मावशींनी फडकं मारलं की मी ताठ व्हायचो.

आणि एका सकाळी भिंगरी आली. मी तिला लगेच ओळखलं. समोरचा एक दात पडलेला, पाय लांब झालेले, आणि या खेपेला तिने एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने बाबांना धरलं होतं. मला इतका आनंद झाला! बाबांनी मावशींना ओळख दिली आणि म्हणाले, मागच्या वेळी चूक झाली माझी, या वेळी सरळ बदकांकडेच आलो. आई हसत हसत सांगू लागली, की आता फोनवर दोघांचं चांगलं जमतं. फोन आला की ही आधी एकच विचारते, बाबा, घट्ट धरून बसलात ना? सगळ्या इमारतीत हिची ही गंमत ठाऊक झालीय. मावशीही हसल्या.

मग भिंगरी माझ्यापाशी उभी राहिली. बाबा पुढे झाले. तिच्या डोक्यावर वेणीची गाठ होती ती त्यांनी हलकेच मोकळी केली आणि केसांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत ते चापून बसवले. दीड वर्षापूर्वी हेच केस त्यांनी वर ओढले होते. डोकं हिरव्या रेघेच्या जरासं खालीच होतं. बाबांनी सुस्कारा सोडला.

पण मावशींची नजर तिच्या पायांकडे होती. फ्रॉकच्या आत तिने गुडघे वाकवले होते. मावशी म्हणाल्या, बाळा, नीट सरळ उभी राहा बघू. ती सरळ झाली आणि डोकं रेघेच्या वर निघालं. चांगलं दोन बोटं वर. मित्रांनो, त्या एका क्षणी मला वाटलं, ही रेघ माझ्या अंगावरून निघून वर कुठेतरी जावी. पण रेघा अशा जात नाहीत.

आई म्हणाली, अगं, असे पाय कशाला वाकवलेस, लबाड कुठली. तेव्हा भिंगरी मावशींकडे वळली.

"मावशी, मला नाही बसायचं. मी मोठी झाले. पण बाबांना बसवा ना. ते त्या जहाजात राहतात. रात्री झोपले तरी ते हलत असतं. त्यांना जरा हळू चालणारं हवं."

असं म्हणून तिने डावीकडे, त्या झुलत्या जहाजाकडे बोट दाखवलं.

आईचं हसू तिथेच मावळलं. बाबा माझ्या पायाशी, तिच्यासमोर खाली बसले. मग त्यांनी तिला सांगितलं, की आमचं जहाज असं नसतं गं, ते फार मोठं असतं, सरळ चालतं, त्यात ओटा असतो, खोली असते, मी आरामात झोपतो. ते बोलत राहिले, बोलत राहिले. ती मान हलवत होती, पण मोठी माणसं लहान मुलाची समजूत काढताना हलवतात ना, तशी. आणि शेवटी म्हणाली, "बाबा, एकदा बसा तर खरं."

मावशींचा नियम असा, की मोठ्या माणसाला एकट्याला बदकात बसवायचं नाही. त्या दिवशी त्यांनी शिट्टी वाजवून सगळी बदकं थांबवली आणि बाबांना मागच्या जागेत बसवलं. पुढची चिमुकली जागा रिकामीच राहिली. बदक निघालं. भिंगरी कठड्याबाहेरून बदकाच्या बरोबरीने चालत होती आणि दर वळणावर विचारत होती, हळू आहे ना? बरं वाटतंय ना? बाबा मान हलवून हो म्हणत होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. रांगेतल्या लोकांना वाटलं, काय हा वेडा माणूस, एवढा मोठा होऊन बदकात बसतो. लोकांना काय माहीत! त्या पुढच्या जागेवर ती बसायची होती, बाबांच्या छातीला टेकून. ते राहिलं ते राहिलंच.

काही दिवसांनी बाबा पुन्हा जहाजावर गेले असतील. पुढचं मला कळलं नाही, कारण त्याच हंगामात मला उचलून या शेडमध्ये आणलं. माझ्या जागी तो टिंग वाजणारा खांब आहे. मावशी कधीतरी झाडू न्यायला आत येतात, जाताना फडक्याने माझं तोंड पुसतात. आता कामाला लागा असं म्हणत नाहीत.

मला रंग द्या, बाहेर काढा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं झालं आता. तुम्हीच एक दिवस मोठे व्हाल आणि एखाद्या चिमुरड्याचं बोट धरून अशाच दुभंगलेल्या वाटेशी उभे राहाल. तेव्हा नकाशा खिशात ठेवा आणि त्याचं नाक कुठल्या कठड्याला लागलंय ते बघा. ते मूल जे दाखवेल त्यात त्याच्यासोबत बसा, आजच बसा. आणि चुकून त्याला भलत्याच ठिकाणी नेलंत, तर रडू थांबल्यावर गोष्ट संपली असं समजू नका. घरी जाऊन त्याला जवळ घ्या आणि विचारा, बाळा, तिथे तुला काय वाटलं?

भिंगरीला हे कुणीच विचारलं नाही. बाबा दूर गेले, आई कामाला लागली, फोनवरच्या त्या प्रश्नाला सगळे हसत राहिले. आणि ती एवढीशी पोर दीड वर्ष बाबांसाठी एकटीच घट्ट धरून बसली होती.